शेजारच्या ग्रामपंचायतीला पाणी विकायचंय? सभेआधी करायचा मे महिन्याचा हिशेब

कोकणातल्या छोट्या नगरपरिषदेची हद्द जिथे संपते, तिथूनच हल्ली खरी वाढ सुरू होते. रस्त्याला लागून तीन मजली इमारती, त्यांच्या मागे एनए प्लॉट, आणि पाण्याला ग्रामपंचायतीच्या दोन विहिरी, ज्या मार्चअखेर तळ दाखवतात. रत्नागिरीला लागून नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव. चिपळूणला चिकटून खेर्डी. गावं ग्रामपंचायतीची, राहणी शहराची. मग एक दिवस ग्रामपंचायतीचं पत्र येतं: तुमच्या योजनेतून पाणी द्या, पैसे देतो.

सभागृहात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "आमच्या नळाक एक तास पाणी, आणि तुमी भायर विकूक निघालात?" दुसरा म्हणतो, तहानलेल्याला पाणी नाकारू नये, शिवाय पालिकेला उत्पन्न आहे. दोघांचंही चूक नाही, पण आकडा दोघांकडेही नसतो. जुलैत धरण भरून वाहताना घेतलेला निर्णय मेमध्ये अंगाशी येतो, कारण गावाला पाणी नेमकं तेव्हाच हवं असतं जेव्हा शहराकडे ते सर्वांत कमी असतं. पावसाळ्यात गाव आपल्या विहिरींवर परत जातं. कोकणात पाणी विकण्याची खरी अडचण ही आहे आणि खाली दिलेलं जवळपास सगळं त्याच एका गोष्टीसाठी आहे. लिहिलंय नगरसेवक आणि पाणीपुरवठा सभापतींसाठी, पण पलीकडच्या सरपंचांनीही वाचायला हरकत नाही.

पत्र अर्धवट असेल तर परत पाठवा

"गावास पाणी मिळावे ही विनंती" एवढ्यावर चर्चा सुरू करू नका. ग्रामसभेचा ठराव, लोकसंख्या आणि घरांची संख्या, सध्याच्या विहिरी-बोअर आणि त्या कोणत्या महिन्यापर्यंत टिकतात, गावातल्या साठवण टाकीची क्षमता आणि तिच्या तळाची समुद्रसपाटीपासून उंची, आणि आत्ता घरटी किती पाणीपट्टी आहे व त्यातली किती वसूल होते, एवढं लेखी हवं. शेवटचे दोन आकडे द्यायला सरपंच कुरकुरतील. सगळ्यात महत्त्वाचे तेच आहेत.

उंचीचं कारण साधं आहे. वाडी सड्यावर आणि शहराची टाकी खाली, हे कोकणात नेहमीचं. साठ मीटर वर पाणी चढवायचं तर तो पंप, त्याचं वीजबिल आणि तो चालवणारा माणूस कोणाचा, हे पहिल्याच पत्रात विचारून घ्या.

मे महिन्याचा हिशेब

एक काल्पनिक शहर घेऊ. स्वतःचं छोटं धरण, ६५ लाख लिटर रोजचं जलशुद्धीकरण केंद्र, लोकसंख्या ३०,०००. केंद्र सरकारच्या १९९९ च्या नियमावलीत भुयारी गटार असलेल्या शहराला दरडोई रोज १३५ लिटर आणि गटार नसलेल्याला ७० लिटर धरले होते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी भुयारी गटार नाही, तरी स्वतःच्या शहरासाठी १३५ च धरा. लोक प्रत्यक्षात ७० वर भागवत नाहीत.

३०,००० गुणिले १३५ म्हणजे ४०.५ लाख लिटर. मे महिन्यात चाकरमानी येतात: तीन हजार माणसं धरली तर ४.०५ लाख. लॉजच्या २,००० खाटा, प्रत्येकी १८० लिटर, म्हणजे ३.६ लाख. बेरीज ४८.१५ लाख. हे नळापर्यंत पोचलेलं पाणी. नियमावलीप्रमाणे १५ टक्के गळती धरली तर केंद्रातून सोडावं लागेल ४८.१५ भागिले ०.८५, म्हणजे ५६.६५ लाख लिटर. केंद्र ६५ लाखांचं. कागदावर सव्वाआठ लाख शिल्लक दिसतात, आणि सभेपुढे येणाऱ्या बहुतेक टिप्पण्या इथेच थांबतात.

थांबू नका, धरणावर जा. फिल्टर धुण्यात चारेक टक्के पाणी जातं, म्हणून धरणातून उचल ५६.६५ भागिले ०.९६, म्हणजे ५९ लाख लिटर किंवा ५,९०० घनमीटर रोज. १ मार्चनंतर ओढ्याचा येवा शून्य धरा. १ मार्च ते १५ जून १०७ दिवस होतात. पाऊस लांबला तर अडचण नको म्हणून आणखी १५ दिवस धरून ३० जूनपर्यंत १२२ दिवस. ५,९०० गुणिले १२२ म्हणजे ७,१९,८०० घनमीटर. बाष्पीभवन वेगळं: पाण्याचा पसारा १० हेक्टर आणि रोज ५ मिलिमीटर धरलं तर ५०० घनमीटर रोज, १२२ दिवसांत ६१,०००. एकूण गरज ७,८०,८०० घनमीटर, म्हणजे ०.७८ दलघमी (दशलक्ष घनमीटर).

आता १ मार्चचा उपयुक्त साठा बघा. गेल्या दहा वर्षांची सरासरी घेऊ नका, सगळ्यात वाईट वर्ष घ्या. समजा ते ०.८६ दलघमी आहे. उरले ७९,२०० घनमीटर, १२२ दिवसांत वाटले तर रोज ६४९, म्हणजे कच्चं पाणी साडेसहा लाख लिटर. फिल्टरचे चार टक्के आणि वाटेतले पाच टक्के वजा केले की गावाच्या मीटरवर पोचतात ५.९ लाख. विकण्याचा कोटा ठरवताना ५ लाखांच्या पुढे जाऊ नये. कागदावर दिसलेले सव्वाआठ लाख असे पाचावर येतात.

मार्चमध्ये पाहुणे नसतात, मग मेची मागणी मार्चपासून का धरली, असं कोणी तरी विचारेल. हिशेब चुकलाच तर नळाच्या बाजूने चुकावा म्हणून.

ज्यांचं धरण नाही, नदीतली जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) आहे, त्यांचा हिशेब वेगळा. तिथे साठा नसतो, प्रवाह असतो, आणि तो दुसऱ्याच्या हातात असू शकतो. वाशिष्ठीत उन्हाळ्यात वाहणारं पाणी पोफळीच्या वीजनिर्मितीतून कोयनेचं येतं. निर्मिती थांबली की नदीची पातळी उतरते आणि चिपळूणच्या उपशावर परिणाम होतो. अशा ठिकाणी निर्मिती बंद असलेल्या सर्वांत लांब काळात जॅकवेलमध्ये किती पाणी होतं, तो आकडा धरा. खाडीजवळच्या जॅकवेलसाठी आणखी एक: एप्रिल-मेच्या उधाणाच्या भरतीला पाण्याची चव खारट होते का, हे ऑपरेटरच्या नोंदवहीत बघा. उपसा वाढवला की खारं पाणी आणखी आत ओढलं जातं.

धरण जलसंपदा विभागाचं असेल तर त्यांच्याशी झालेला पाणीवापर करारनामा काढून वाचा. मंजूर कोटा किती, वापर कशासाठी आणि कोणत्या क्षेत्रासाठी, हे त्यात असतं. ठोक पाण्याचे दर २००५ च्या कायद्याने स्थापन झालेलं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं, आणि मंजुरीपेक्षा जास्त उचललं तर वाढीव दराने आकारणी होते. गावाला विकलेलं पाणी ज्या दिवशी तुमच्या कोट्याबाहेर जाईल, त्या दिवशी ते तुम्हाला विकलेल्या भावाहून महाग पडू शकतं.

आधी गळती मोजा

वरच्या हिशेबात १५ टक्के गळती धरली ती नियमावलीतली. जुन्या एसी (अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट) किंवा बिडाच्या पाइपांच्या शहरात ती ३० टक्के निघाली तर? ४८.१५ भागिले ०.७, म्हणजे ६८.८ लाख. केंद्र ६५ लाखांचं. विकायला काहीच उरत नाही. उलट पावणेचार लाख कमी पडतात. म्हणजे "शिल्लक आहे" आणि "नाही" या दोन्ही बाजू एकाच शहरात खऱ्या ठरू शकतात, फरक फक्त गळतीच्या आकड्याचा.

मोजणी अवघड नाही. पहिली टाकीची: रात्री इनलेट आणि आउटलेट दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून टाकीतली पातळी खडूने खुणेला लावा आणि चार तासांनी बघा. पाच लाखांची, चार मीटर पाणी असलेली टाकी असेल तर एक सेंटिमीटर उतरणं म्हणजे १,२५० लिटर. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर तो इथेच पकडला जातो. दुसरी मुख्य वाहिनीची: केंद्रातून निघताना आणि टाकीत पडताना, दोन्हीकडे एकाच दिवशी मोजा. तिसरी भागाची: एका झोनला पाणी सोडलेल्या वेळेत टाकी किती उतरली, आणि त्या झोनच्या बिलांत किती लिटर आले. नळाला मीटर नाहीत आणि घरटी ठरावीक पाणीपट्टी आहे, तर तिसरी मोजणी जमत नाही. मग निदान पन्नास घरांना महिनाभर मीटर लावून नमुना घ्या.

टोटी नसलेले सार्वजनिक नळ आणि बॉल व्हॉल्व्ह नसलेल्या गच्चीवरच्या टाक्या याही गळतीतच येतात. टाकी भरून वाहते ते पाणी अंगणातल्या माडाला जातं. माडाचं भलं होतं, पण पालिकेला त्याचे पैसे मिळत नाहीत.

मीटर हद्दीवर, एकच

पाणी देण्याच्या तीन पद्धती सुचवल्या जातात. हद्दीबाहेरच्या घरांना पालिकेने थेट जोडण्या देणं ही सगळ्यात वाईट. रस्ता ग्रामपंचायतीचा, ग्राहक पालिकेचा, खोदाईची परवानगी, वसुली आणि तक्रारी यांचा कायमचा घोळ. शिवाय त्या माणसाला तुम्हाला मत देता येत नाही, त्यामुळे त्याच्या नळाचं गाऱ्हाणं कोणीच ऐकत नाही. टँकर भरण्यासाठी केंद्रावर स्टँड देणं टंचाईत ठीक, कायमचं नको. योग्य पद्धत एकच: हद्दीवर एक मीटर, मीटरच्या पलीकडे सगळं ग्रामपंचायतीचं, अलीकडे सगळं पालिकेचं.

पाइपाचा व्यास ग्रामपंचायतीच्या कंत्राटदारावर सोडू नका. पाच लाख लिटर दहा तासांत द्यायचे तर सेकंदाला १३.९ लिटर. १५० मिलिमीटरच्या नव्या पाइपात घर्षणाने दर किलोमीटरला सव्वाचार मीटर दाब जातो. तीन किलोमीटरला सुमारे १३ मीटर. जुना, आतून खरखरीत झालेला पाइप असेल तर तेवढ्याच पाण्याला किलोमीटरला आठ मीटर. आणि कोणी म्हणालं की पाच तासांत देऊन टाकू, तर प्रवाह दुप्पट होतो आणि दाबाचा ऱ्हास साडेतीनपटीच्या वर जाऊन किलोमीटरला १५ मीटर होतो. वाटेतल्या शहराच्या शेवटच्या नळाचं पाणी तिथेच संपतं. म्हणून गावाला संथ आणि जास्त तास पाणी द्यायचं, आणि त्यासाठी गावाकडे निदान अर्ध्या दिवसाची साठवण हवी. अडीच लाख लिटरची टाकी किंवा जमिनीखालचा संप (साठवण हौद) नसेल तर आधी तो बांधून घ्या, मग जोडणी.

पाणी त्या टाकीत वरून मोकळं पडलं पाहिजे. वाहिनीला थेट पंप जोडायला कोणत्याही परिस्थितीत परवानगी नको. पंप ओढायला लागला की वाहिनीत उणा दाब येतो, आणि जिथे जिथे सांधा सैल आहे तिथून गटाराचं पाणी आत येतं. काविळीची साथ अशीच येते.

मीटर इलेक्ट्रोमॅग्नेटिक घ्या. पाण्याच्या वाहत्या बाजूला मीटरआधी व्यासाच्या पाचपट आणि नंतर तीनपट सरळ पाइप हवा; १५० मिलिमीटरला ७५ आणि ४५ सेंटिमीटर. बेंड किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह त्याच्या लगेच आधी आला की वाचन चुकतं. पाइप कायम भरलेला राहील अशा खोलगट जागी किंवा चढावर बसवा, चढाच्या माथ्यावर कधीच नको. साधा चक्रीचा मीटर बसवला तर दुसरी भानगड होते: पाणी सोडताना आधी हवा सुसाट जाते, चक्री फिरते, आणि ग्रामपंचायतीला हवेचं बिल जातं. मीटरच्या आधी एअर व्हॉल्व्ह लावा आणि चक्रीच्या मीटरपुढे जाळीही.

कोकणात मीटर मरतो तो दोन कारणांनी. एक, चेंबर पावसाळ्यात पाण्याने भरतं: सेन्सर पाण्यात बुडाला तरी चालेल असा घ्या आणि डिस्प्ले जमिनीपासून मीटरभर वर भिंतीवर लावा. दुसरं वळवाची आणि परतीच्या पावसाची वीज. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, खड्डा खोल आणि मातीने भरलेला हवा, सर्ज प्रोटेक्टर वेगळा.

वाहिनी एनएच ६६ किंवा कोकण रेल्वेखालून जात असेल तर परवानगीला महिने लागतात. सभेत तारीख जाहीर करण्याआधी ते धरा.

दर: वाटणी विकलेल्या पाण्यावर

हजार लिटरमागे खर्च काढा. विजेचा अंदाज सोपा आहे: हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला, पंप आणि मोटरची मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली तर ०.४५ युनिट लागतं. जॅकवेल ते केंद्र ९० मीटर आणि केंद्र ते टाकी ४० मीटर, तर एकूण १३० मीटरला ०.५९ युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर पावणेपाच रुपये, डिमांड चार्ज धरून पाच.

उदाहरणाला कच्चं पाणी १ रुपया, वीज ५, तुरटी आणि टीसीएल (ब्लीचिंग पावडर) १.२५, पगार ६, दुरुस्ती २.५०, घसारा ३. बेरीज १८.७५. वाटेतल्या पाच टक्क्यांसाठी ०.९५ ने भागलं की १९.७५. तुमचे आकडे वेगळे निघतील, ओळी मात्र याच ठेवा. घसारा गाळण्याचा मोह होतो. पंधरा वर्षांनी पंप बदलताना तो तीन रुपयांचा हिशेब शहराच्या घरपट्टीतून निघतो.

सरपंच म्हणतील, तुमचं केंद्र चालूच आहे, आमच्यासाठी वाढतं ते फक्त वीज, रसायनं आणि कच्चं पाणी. म्हणजे सव्वासात रुपये. युक्तिवाद बरोबर आहे, पण अर्धा. गावासाठी रोज पाच लाखांची क्षमता वर्षभर राखून ठेवायची आणि गावाने ती तीन महिनेच वापरायची, याचा खर्च शहराने का सोसावा?

आकड्यांत बघा. पूर्ण कोटा म्हणजे महिन्याला १५,००० हजार-लिटर, बिल सुमारे २ लाख ९६ हजार. जुलैत गाव रोज एकच लाख उचलेल. एकाच दराने बिल होईल ५९ हजार. पगार मात्र जुलैतही तेवढाच. म्हणून दर दोन भागांत लावा: पगार, दुरुस्ती, घसाऱ्याचा स्थिर आकार महिन्याला सुमारे १ लाख ८२ हजार, उचल कितीही असो, आणि वर हजार लिटरला ७.६५ रुपये. ग्रामपंचायतीला हे पचत नसेल तर एकच दर ठेवून किमान ६० टक्के कोट्याचं बिल लावा, ते १ लाख ७८ हजारांच्या आसपास येतं. यापेक्षा खाली उतरू नका.

वीजदर किंवा जलसंपदाचा दर बदलला की त्या ओळी आपोआप बदलतील, असं करारात लिहा. नाहीतर दरवर्षी दरवाढीचा ठराव आणि दरवर्षी तोच तमाशा. अनामत तीन महिन्यांच्या पूर्ण बिलाएवढी, इथे नऊ लाख.

आता सुरुवातीला मागितलेला पाणीपट्टीचा आकडा काढा. सहा हजार वस्ती, १,२०० घरं. नुसतं पालिकेचं बिल घरटी महिन्याला २४७ रुपये, वर गावातल्या वितरणाचा खर्च. ग्रामपंचायतीची पाणीपट्टी याच्या निम्मी असेल आणि तीही अर्धीच वसूल होत असेल, तर थकबाकी ठरलेली आहे. फरक कशातून भरणार, वित्त आयोगाच्या बंधित निधीतून की पाणीपट्टी वाढवून, हे ग्रामसभेच्या ठरावात यायला हवं.

करारातलं टंचाईचं कलम

"टंचाई परिस्थिती उद्भवल्यास पुरवठा कमी करण्याचा अधिकार नगरपरिषदेस राहील" हे वाक्य प्रत्येक मसुद्यात असतं आणि प्रत्येक मेमध्ये निरुपयोगी ठरतं. टंचाई उद्भवली हे कोण ठरवणार? पालिकेने कपात केली की सरपंच आमदारांना फोन करतात आणि दुपारपर्यंत व्हॉल्व्ह उघडतो.

कपात धरणाच्या गेज पट्टीला, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पट्टीला, बांधा. वरच्या उदाहरणात शहर, गाव आणि बाष्पीभवन मिळून रोज ६,९५० घनमीटर खाली जातात. ३० जूनपर्यंत पुरायला १ मार्चला ०.८५ दलघमी, १ एप्रिलला ०.६३, १ मेला ०.४२ आणि १५ मेला ०.३३ हवेत. या चार आकड्यांची मीटरमधली गेज पातळी करारात छापा. त्या तारखेला तूट १० टक्क्यांपर्यंत असेल तर शहर आणि गाव दोघांचीही सारखीच टक्केवारी कपात. त्याहून जास्त तर गाव ३ लाखांवर. २५ टक्क्यांच्या पुढे गेली तर दीड लाखावर, म्हणजे सहा हजार माणसांना दरडोई २५ लिटर, पिण्या-रांधण्यापुरतं. शून्यावर कधीच नाही, थकबाकीतही नाही. पिण्याचं पाणी पूर्ण तोडलं की विषय वसुलीचा राहत नाही, आणि बहुधा दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जोडायचा आदेश येतो.

विजेचं कलमही वेगळं हवं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. जनरेटरवर केंद्र चालवावं लागलं तर डिझेलचा वाटा उचललेल्या पाण्याच्या प्रमाणात, हे आधी लिहा.

"फक्त घरगुती वापर" हा शब्दप्रयोग पुरत नाही. हद्दीबाहेरच्या जमिनीला पालिकेचं पाणी मिळालं की तिचा भाव चढतो, आणि सभागृहातला जोर कित्येकदा तहानेपेक्षा तिथून आलेला असतो. मंजूर कोटा पत्रातल्या १,२०० घरांसाठी आहे. नव्या गृहसंकुलासाठी वाढीव कोटा नव्या ठरावाशिवाय मिळणार नाही आणि ग्रामपंचायतीने बिल्डरला त्यासाठी पाण्याचा दाखला द्यायचा नाही, असं स्पष्ट लिहा. विरोध नेमका या वाक्याला होतो.

गुणवत्तेची जबाबदारी मीटरपर्यंत पालिकेची. मीटरवर उरलेलं क्लोरीन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा, म्हणजे गावातल्या शेवटच्या नळावर नियमातलं ०.२ टिकेल. मुदत पाच वर्षं, आपोआप वाढ नाही, सोडायचं तर बारा महिन्यांची नोटीस. मीटर बंद पडल्यास सरासरी मागच्या तीन महिन्यांची घेऊ नका. जूनमध्ये बंद पडला तर ती उन्हाळ्याची येते. मागच्या वर्षीचा तोच महिना घ्या.

सभेत

हा विषय "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा विषय" म्हणून आला तर तिथेच हरकत घ्या. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी देण्याची तरतूद आहे. विषयपत्रिकेवर विषय आणि सोबत टिप्पणी हवी. टिप्पणीत पाणीपुरवठा अभियंत्याचा मेचा हिशेब, लेखाविभागाची दराची फोड, आणि हद्दीबाहेर पाणी देण्याला कोणत्या तरतुदीचा आधार आहे व कोणाची मंजुरी लागेल याबद्दल मुख्याधिकाऱ्यांचा लेखी अभिप्राय मागा. तोंडी "काही अडचण नाही" चालत नाही. अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी तहकूब करू शकतात, आणि विरोधक तिथे जातातच. तिथे टिकतं ते टिप्पणीतलं.

ठराव मोघम असेल तर करारात काहीही घुसतं. साधारण असा लिहा: "... ग्रामपंचायतीस दररोज कमाल ५ लाख लिटर शुद्ध पाणी, हद्दीवरील एकाच मीटरमधून, सोबतच्या परिशिष्टातील १,२०० घरांच्या घरगुती वापराकरिता, परिशिष्टातील दर व गेज पातळीनुसार कपातीच्या अटींवर, ५ वर्षांसाठी पुरविण्यास मान्यता देण्यात येत आहे. करारनामा, अनामत व ग्रामपंचायतीची साठवण टाकी पूर्ण झाल्याशिवाय जोडणी देण्यात येऊ नये." परिशिष्टं ठरावाला टाचलेली हवीत. विरोध असेल तर नावानिशी मतदान मागा आणि "सर्वानुमते" लिहू देऊ नका. इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होताना ते एकदा वाचा.

पहिलं वर्ष

जोडणी शक्यतो जून-जुलैत सुरू करा. सांधे, मीटर, टाकी यांच्या चुका पाणी मुबलक असताना बाहेर पडतात.

पहिली तक्रार वाहिनीच्या वाटेवरच्या वाडीतून येईल: आमच्या दारावरून पाणी जातं, आम्हाला एक नळ द्या. नाही म्हणा, आणि मीटरच्या पलीकडून ग्रामपंचायतीने द्यावा असं सांगा. मधे एक टॅप दिला की वर्षभरात सहा होतात. मीटरचं वाचन दर महिन्याच्या १ तारखेला दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र घ्यावं, डिस्प्लेचा फोटो आणि नोंदवहीत दोन सह्या. केंद्रातून गावच्या दिशेने सोडलेलं आणि मीटरवर पोचलेलं यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक दोन महिने दिसला की वाहिनी चालत तपासा. ओल्या जागी उन्हाळ्यात हिरवं गवत दिसलं की गळती तिथेच असते.

हद्दीवरचा व्हॉल्व्ह कुलपात ठेवा आणि किल्ली शिफ्टच्या नोंदवहीत सही करून द्या. कराराची कलमं कितीही नेटकी असली तरी रात्री अकराला फोन येतो तो व्हॉल्व्हमनला.

२८ फेब्रुवारीला गेज पट्टी घासून, रंगवून घ्या. शेवाळाने आकडे दिसत नसतील तर १ मार्चचं वाचन वादात जातं. त्या दिवशी सभापती आणि सरपंच दोघांनीही धरणावर जावं, वाचन घ्यावं आणि पालिकेच्या व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एकच आकडा त्याच संध्याकाळी लिहावा.